लहान मुलांची कावीळ : कारण शोधा

वाचकहो, कावीळ हा शब्द तुम्हांला नवा नाही. काविळीच्या डोळ्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. खरे पाहता काविळीच्या रोग्याला जग पिवळे दिसत नाही. जगालाच तो पिवळा दिसतो. त्याचे डोळे पिवळे, नखे पिवळी, कातडी पिवळी.

पण एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. कावीळ हा रोग नव्हे. ती रोगाची खूण आहे. रानात धूर दिसला तर आपण काय करतो? तो चुलीचा धूर आहे, की गंजीला आग लागली आहे, हे आधी बघतो. चुलीचा असेल तर बसून राहतो. गंजीचा असेल तर धावत सुटतो. काविळीचेही तसेच आहे. बहुतेक मुलांची कावीळ चुलीच्या धुरासारखी असते. आपोआप विरते. पण थोड्या मुलांची कावीळ रक्तातल्या किंवा यकृतातल्या जन्मजात दोषाने आलेली असते. ती ओळखायला उशीर झाला तर मूल दगावते, नाही तर जन्माचे अधू होते. वेळेवर ओळखली तर त्यांतली पुष्कळ मुले वाचतात. म्हणून या पाठात आम्ही औषधाविषयी फार सांगणार नाही. कारण कसे शोधतात आणि त्यात आईबापांचे काम कोणते, तेवढे सांगणार आहोत.

पिवळेपणा येतो कुठून?

आपले रक्त तांबडे दिसते ते त्यातल्या बारीक तांबड्या पेशींमुळे. एक पेशी सुमारे १२० दिवस जगते. मग ती मोडते आणि तिच्या जागी नवी येते. मोडलेल्या पेशीतून एक पिवळा पदार्थ निघतो. त्याला पित्तरंग म्हणू. डॉक्टर त्याला बिलिरुबिन म्हणतात. हा पित्तरंग रक्तातून यकृताकडे जातो. यकृत, म्हणजे लिव्हर, आपल्या उजव्या बरगड्यांखाली असते.

यकृताचे काम गुऱ्हाळासारखे आहे, असे समजा. गुऱ्हाळात ऊस येतो आणि गूळ होऊन बाहेर जातो. यकृतात कच्चा पित्तरंग येतो आणि पक्का होऊन बाहेर जातो. तो पित्तनळीतून आतड्यात उतरतो. आपल्या शौचाला रंग येतो तो त्याच्यामुळेच.

आता गुऱ्हाळाचा खोळंबा कधी होतो? एक, ऊस फारच आला तर. दोन, चरक मोडला तर. तीन, गूळ बाहेर नेण्याची वाट बंद झाली तर. पहिल्या दोन प्रकारांत अंगणात ऊस साचेल. तिसऱ्यात गुळाच्या ढेपा साचतील. म्हणजे काय साचले आहे ते पाहिले की बिघाड कुठे आहे ते कळू लागते.

डॉक्टरही हेच करतात. रक्तात कच्चा पित्तरंग वाढला आहे की पक्का, हे ते तपासून घेतात. ही तपासणी साध्या रक्ताची आहे. मुलांच्या काविळीच्या शोधातली ही पहिली पायरी आहे. तिच्यावाचून पुढचा रस्ता सापडत नाही.

नेहमीची कावीळ

निम्म्याहून अधिक तान्ह्या बाळांना जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडा पिवळेपणा येतो. बाळाचे यकृत तेव्हा नवखे असते. एक-दोन आठवड्यांत ते कामाला लागते आणि पिवळेपणा जातो. मोठ्या मुलांना कावीळ होते ती बहुधा घाण पाण्यातून. तीही बहुतेक वेळा काही आठवड्यांत उतरते.

गावोगावी कावीळ उतरवणारे असतात. कोणी गळ्यात माळ घालतो. कोणी नाकात रस पिळतो. कोणी चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावतो. पाणी पिवळे झाले की म्हणतो, बघा, कावीळ उतरली! पण हातावर आंब्याच्या सालीचा रस चोळून तो चुन्याच्या पाण्यात धुतला, तर धडधाकट माणसाच्या हाताचेही पाणी पिवळे होते. घरी करून बघा. आपोआप जाणारी कावीळ जाते आणि नाव होते माळेचे. पण आपोआप न जाणारी कावीळ असेल, तर तेवढ्यात मोलाचे दिवस निघून जातात. काही ठिकाणी तर लेकराच्या पोटावर तापल्या लोखंडाचे डाग देतात. त्याने कावीळ तर जात नाहीच, वर जखम होते, ती चिघळते आणि कोवळ्या जिवाला दुसरे संकट येते.

कोणत्या काविळीला थांबू नये?

पुढच्या खुणा नीट वाचा. दोनदा वाचा.

१. जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांतच बाळ पिवळे दिसू लागले.

२. पिवळेपणा दोन आठवड्यांनंतरही राहिला. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल तर तीन आठवडे धरावे.

३. बाळाची शी पांढुरकी, खडूसारखी किंवा राखेसारखी झाली.

४. लघवी गडद पिवळी आहे, लंगोटाला डाग पडतो. तान्ह्या बाळाची लघवी पाण्यासारखी असायला हवी.

५. बाळ सुस्त पडले, अंगावर ओढेना, चिरक्या आवाजात रडू लागले, किंवा पाठीची कमान करू लागले.

६. मोठ्या मुलाला कावीळ पुन्हा पुन्हा येते.

७. त्याच्या आधीच्या भावंडाला कावीळ झाली होती, किंवा ते भावंड लहानपणीच दगावले होते.

यांतली एकही खूण दिसली तर उद्यावर टाकू नका. मूल दवाखान्यात न्या. पहिल्या दिवसाची कावीळ किंवा पाचवी खूण असेल तर १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवा.

पांढऱ्या शीविषयी थोडे अधिक सांगतो. तिचा अर्थ पित्तरंग आतड्यात पोचत नाही, वाट बंद आहे. काही बाळांची पित्तनळी जन्मानंतर लवकरच बुजून जाते. हा रोग सहसा आनुवंशिक नसतो, पण तो आहे की नाही हे आधी पाहावेच लागते. कारण त्याला घड्याळ लागलेले असते. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५० नंतरच्या दशकात यावर शस्त्रक्रिया शोधून काढली. ती बाळ साठ दिवसांचे होण्याआधी झाली तर गुण येण्याची आशा अधिक. पुढे पुढे ती कमी होत जाते. म्हणून लंगोट नुसता धुऊन टाकू नका. आधी त्यातला रंग बघा.

जन्मजात दोष कोणते?

असे दोष पुष्कळ आहेत. सगळ्यांची नावे पाठ करण्याचे कारण नाही. चार उदाहरणे पुरे.

पहिले उदाहरण तांबड्या पेशींच्या दोषाचे. म्हणजे ऊस फार येतो तसे. जी सिक्स पी डी नावाचा एक पाचक पदार्थ पेशींना सांभाळतो. काहींच्या अंगी तो जन्मापासून कमी असतो. हा दोष १९५६ साली उमगला. आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत तो अधिक आढळतो. एरवी असे मूल धडधाकट असते. पण हिवतापाचे एखादे औषध पोटात गेले, किंवा डांबरगोळ्यांशी संबंध आला, की पेशी भराभर फुटतात. मूल पिवळे पडते, लघवी काळपट होते. म्हणून बाळाची दुपटी डांबरगोळ्या घातलेल्या पेटीत ठेवू नयेत. या दोषाची तपासणी रक्ताची आहे. मात्र पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर ती फसवू शकते, कारण उरलेल्या पेशी नव्या आणि दमदार असतात. म्हणून डॉक्टर काही महिन्यांनी ती पुन्हा करायला सांगतात. तेव्हा कंटाळू नये.

विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकल सेलचा आजारही याच घरातला. त्यातही पेशी लवकर मोडतात आणि डोळे पिवळे दिसतात. १ जुलै २०२३ पासून त्याच्या तपासणीची देशभर मोहीम सुरू झाली आहे.

दुसरे उदाहरण चरक मोडल्याचे. कच्चा पित्तरंग पक्का करणारा पाचक पदार्थच यकृतात नसतो. अमेरिकेतील बाल्टिमोरचे डॉ. क्रिग्लर आणि डॉ. नज्जार यांनी १९५२ साली आपसांत नाते असलेल्या कुटुंबांतली अशी मुले पाहून हा रोग लिहून ठेवला. तो फारच विरळा आहे. दहा लाख बाळांत एखादे, असा अंदाज आहे. पण त्यात कच्चा पित्तरंग अतोनात वाढतो आणि मेंदूत शिरतो. मग मूल बहिरे होते, हातपाय वाकडे होतात, किंवा ते दगावते.

यावर उपाय सापडला तो एका परिचारिकेच्या नजरेमुळे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात रॉचफोर्ड येथे एक रुग्णालय होते. तिथल्या सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांना अंगणातल्या उन्हात नेत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखवले. त्याचे अंग निवळले होते, पण चादरीच्या कोपऱ्याखाली झाकलेला तेवढा तुकडा पिवळाच होता. त्यावरून उजेडाने पित्तरंग विरतो हे कळले, आणि १९५८ साली ते छापून आले. आज दवाखान्यात पिवळ्या बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात ते यासाठी. चरक मोडलेल्या मुलांना हा उजेड रोज दहा-बारा तास घ्यावा लागतो. कायमचा उपाय म्हणजे यकृत बदलणे. मात्र घरच्या उन्हात बाळ ठेवून दिव्याचे काम होत नाही, हेही ध्यानात धरा.

याच पदार्थाची थोडीशी उणीव असलेली माणसे मात्र पुष्कळ आहेत. उपासाच्या दिवशी किंवा तापात त्यांचे डोळे किंचित पिवळे दिसतात, एवढेच. त्यांना काही होत नाही आणि औषधही लागत नाही. तपास झाला की घरच्यांची काळजी मिटते. कारण शोधण्याचा हाही एक फायदा आहे.

तिसरे उदाहरण दुधातल्या साखरेचे. काही बाळांना ही साखर पचवता येत नाही. दूध सुरू होताच ती ओकतात, पिवळी पडतात, सुकतात. यकृत बिघडते, डोळ्यांत मोतीबिंदू येतो. या रोगाला गॅलेक्टोसिमिया म्हणतात. ओळखला तर उपाय सरळ आहे : सगळे दूध बंद, आईचेसुद्धा, आणि दुसरे खाद्य सुरू. पण हे डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावरच करायचे. आपल्या मनाने आईचे दूध तोडणे म्हणजे चांगल्या बाळाला उपाशी मारणे होय.

चौथे उदाहरण तांब्याचे. अन्नातून थोडे तांबे सर्वांच्या पोटात जाते आणि यकृत ते बाहेर टाकते. काही मुलांच्या यकृताला ते जमत नाही. तांबे साचत जाते. १९१२ साली लंडनच्या डॉ. विल्सन यांनी हा रोग वर्णिला. तो बहुधा पाच वर्षांच्या पुढे दिसतो. कावीळ येते, जाते, पुन्हा येते. लोक म्हणतात, पाणी बाधले. पुढे हात कापतात, बोलणे अडखळते, अक्षर बिघडते. आम्ही जन्मभर मुलांची अक्षरे पाहिली आहेत. म्हणून शिक्षकबंधूंनाही सांगतो : चांगले अक्षर असलेल्या मुलाचे अक्षर अचानक बिघडले, तर छडी घेऊ नका, चौकशी करा. या रोगात डोळ्याच्या बुबुळाभोवती तपकिरी कडे दिसू शकते. रक्त आणि दिवसभराची लघवी तपासून रोग पक्का करतात. तांबे काढणारे औषध १९५६ पासून आहे. ते जन्मभर घ्यावे लागते, पण घेणारी मुले मोठी होतात, संसार करतात. एक मूल सापडले की त्याच्या सख्ख्या भावंडांची तपासणी व्हायलाच हवी, मग ती दिसायला कितीही धट्टीकट्टी असोत.

घरात कुणालाच नव्हते, मग पोराला कसे?

हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. आणि त्याचे खापर बहुधा सुनेच्या डोक्यावर फुटते. पांढऱ्या पायाची म्हणतात, माहेरी धाडतात. हा अन्याय आहे. का, ते बघा.

अंगाच्या प्रत्येक कामासाठी आपल्याजवळ दोन चिठ्ठ्या असतात, असे समजा. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. दोहोंपैकी एक चांगली असली की काम चालते. म्हणून एक खराब चिठ्ठी बाळगणारा माणूस निरोगी असतो. त्याला स्वतःला पत्ताही नसतो. आता आई आणि बाप या दोघांकडेही एकेक खराब चिठ्ठी असली, आणि बाळाच्या वाट्याला नेमक्या त्या दोन्ही आल्या, तर बाळ आजारी. चरकाचा, दुधाच्या साखरेचा आणि तांब्याचा दोष असाच येतो. म्हणजे अर्धा वाटा बापाचा झाला की नाही? मग एकट्या आईला बोल का?

जी सिक्स पी डीचा दोष मात्र मुलग्याला आईकडून येतो. पण तिनेही ती चिठ्ठी मागून घेतलेली नसते. ती तिलाही कुणाकडून तरी आलेली असते.

दोघांकडे खराब चिठ्ठी असेल तर प्रत्येक बाळंतपणाला चारांत एक एवढा धोका असतो. एक मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन बरी, असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या नव्याने पडतात.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा जोडप्याचे आजी-आजोबा एकच असतात. आजोबांची एकच खराब चिठ्ठी दोन वाटांनी येऊन एका बाळात भेटण्याचा संभव तिथे वाढतो. अशा लग्नातली बहुतेक मुले चांगलीच निपजतात. पण ज्या घरात असा आजार निघाला आहे, तिथे पुन्हा नात्यात सोयरीक करण्याआधी डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा.

रक्ताचा दोष की भांड्याचा?

एका घरात दोन मुले आजारी पडली म्हणजे दोष रक्ताचाच, असेही नाही. आपल्या देशात पूर्वी एका रोगाने लहान मुले फार दगावत. यकृत दगडासारखे होई. भावंडामागून भावंड जाई, म्हणून लोक त्याला घराण्याचा रोग समजत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी घरोघरच्या दुधाची भांडी पाहिली. या मुलांना लहानपणीच कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांतले दूध पाजलेले असे. दुधात तांबे उतरे आणि कोवळ्या यकृतात साचे. हे निदान १९८३ साली प्रसिद्ध झाले. भांडी बदलली आणि तो रोग जवळजवळ नाहीसा झाला. रक्त तेच, माणसे तीच, बदलले ते भांडे. शोध घेतला नसता तर आपण अजून दैवालाच दोष देत बसलो असतो.

तुमचे काम कोणते?

डॉक्टर रक्त तपासतील, पोटाची सोनोग्राफी करतील, गरज पडली तर चिठ्ठ्यांची म्हणजे जनुकांची तपासणी मोठ्या रुग्णालयातून मागवतील. पण पहिली माहिती त्यांना तुमच्याकडूनच हवी असते. ती तुमच्यावाचून कुणाजवळ नाही. आता तुम्हांला लिहितावाचता येते. त्याचा उपयोग करा. एक वही घ्या आणि तीत एवढे लिहा :

बाळ कोणत्या तारखेला जन्मले. पिवळेपणा कधी दिसला. शीचा रंग कसा, लघवीचा कसा. अंगावर पिते का, ओकते का. कोणते औषध, मुळी किंवा रस दिला. आईबापांचे लग्नाआधीचे नाते काय. आधीची मुले किती, त्यांतले कोण कसे दगावले. घरात कोणाला कावीळ, रक्तक्षय, हातपाय कापणे असे काही होते का.

मेलेल्या मुलाविषयी बोलायला जीव होत नाही, हे आम्ही जाणतो. तरी लिहा. गेलेल्या लेकराची ती हकीकत असलेल्या लेकराला वाचवू शकते.

आणि दोन आठवडे उलटले तरी कोणी होईल बरे म्हणून परत पाठवले, तर घाबरू नका, भांडूही नका. वही पुढे करा आणि नम्रपणे विचारा : डॉक्टरसाहेब, रक्तातला पित्तरंग तपासला का? कच्चा वाढला आहे की पक्का? हा प्रश्न तुम्हांला आता विचारता येतो. आशाताईंनाही वही दाखवा. जिल्ह्याच्या रुग्णालयात कुठे जायचे ते त्या सांगतील.

आज रात्री दिव्याच्या उजेडात बाळाकडे बघून स्वस्थ बसू नका. दिव्याचा उजेड फसवतो. सकाळी चांगल्या उजेडात बाळाचे कपाळ बोटाने हलकेच दाबा, बोट उचला आणि कातडीचा रंग बघा. सावळ्या बाळाचा पिवळेपणा डोळ्यांच्या पांढऱ्या भागात चांगला दिसतो. मग लंगोट बघा. आणि जे दिसले ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा.